वैमानिकांच्या कराराची बोलणी अडली, तर पुढे काय करायचं?

अमेरिकेत वैमानिकांचा करार संपत नाही. त्यावर जी तारीख छापलेली असते ती 'अमेंडेबल डेट'. त्या दिवसापासून करारात बदल मागता येतात, एवढाच तिचा अर्थ. नवा करार होईपर्यंत जुने दर, जुने नियम, जुन्या सुट्ट्या तशाच चालू राहतात. कायद्याने आखलेले सगळे टप्पे पार पडेपर्यंत संघटनेला संप करता येत नाही आणि कंपनीला टाळेबंदी. १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला, तेव्हापासून हेच चालत आलं आहे. म्हणून बोलणी दोन-तीन वर्षं लांबली तर त्यात नवल काही नाही. ज्या बाजूला थांबणं स्वस्त पडतं ती बाजू घाई करत नाही, आणि बहुतेक वेळा ती बाजू कंपनीची असते.

पुढचं सगळं संघटनेच्या वाटाघाटी समितीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. कंपनीच्या बाजूने टेबलावर बसणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. गणित दोघांनाही तेच करावं लागतं.

उशिराची किंमत काढा

सोपे आकडे घेऊ. १,००० वैमानिक, सरासरी ताशी दर २०० डॉलर, महिन्याला ७५ तासांची हमी. वर्षाचा मूळ पगार झाला १८ कोटी डॉलर. नव्या करारात पहिल्या वर्षी १० टक्के वाढ होणार हे दोघांनाही मनातून माहीत असेल, तर प्रत्येक रखडलेल्या महिन्याला १५ लाख डॉलर कंपनीच्या खिशात राहतात. दीड वर्षात २ कोटी ७० लाख. मागची थकबाकी, म्हणजे 'रेट्रो', पूर्ण मिळाली तर ही बचत परत जाते. अर्ध्यावर तडजोड झाली तर १ कोटी ३५ लाख कंपनीला फक्त वेळ काढल्याबद्दल मिळाले.

म्हणून रेट्रोचा मुद्दा शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका. अमेंडेबल तारीख ओलांडली की लगेच सूत्रासकट लेखी प्रस्ताव द्या: कोणत्या तारखेपासून, त्या काळातल्या प्रत्यक्ष कमाईच्या किती टक्के, किती दिवसांत देय. 'साइनिंग बोनस' म्हणून ठोक रक्कम पुढे आली तर ती सूत्राशी ताडून बघा; ठोक आकडा मोठा दिसतो, पण भागिले १,००० केल्यावर उतरतो. मधल्या काळात वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त झालेले आणि आजारपणाच्या रजेवर असलेले रेट्रोत येतात की नाही, हे नावानिशी लिहून घ्या. मसुद्यात ही माणसं हमखास गळतात.

अडलंय नेमकं काय?

'बोलणी अडली' या दोन शब्दांनी काही कळत नाही. एक तक्ता करा. करारातलं प्रत्येक कलम एका ओळीत: त्यावर शेवटचा प्रस्ताव कोणाचा, कोणत्या तारखेचा, त्यातले उघडे मुद्दे किती, आणि दोन्ही बाजूंच्या मते त्याची वार्षिक किंमत किती. ज्येष्ठता यादी, प्रशिक्षण, तक्रार निवारण, गणवेश ही कलमं बहुधा मिटलेली असतात. उरतात ती चार-पाच: स्कोप (कोणती उड्डाणं कंपनीच्या स्वतःच्या वैमानिकांनीच करायची), शेड्युलिंग (कामाचं वेळापत्रक), रिझर्व्ह (ऐनवेळी बोलावण्यासाठी तयार ठेवलेले वैमानिक), पगार आणि निवृत्ती निधी. तक्ता पाहिल्यावर बऱ्याचदा असं दिसतं की पगारावर ओरड चालू आहे, पण तीन महिन्यांत एकही नवा प्रस्ताव आलेला नाही तो शेड्युलिंगवर.

अडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

समोरच्या चमूला अधिकारच नसणं हे पहिलं. लक्षण सोपं आहे: प्रत्येक प्रस्तावावर 'वर विचारून सांगतो', आणि उत्तरात आकडा कधीच नाही. इथे युक्तिवाद वाढवून उपयोग नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे त्या वित्त किंवा ऑपरेशन्सच्या वरिष्ठाला एका ठरावीक बैठकीसाठी बोलवा आणि त्या दिवशी एकच पॅकेज, म्हणजे सगळे मुद्दे एकत्र बांधलेला प्रस्ताव, समोर ठेवा.

दुसरं कारण म्हणजे शेजाऱ्याची वाट पाहणं. दुसऱ्या मोठ्या कंपनीचा करार होण्याच्या बेतात असला की दोन्ही बाजू थबकतात. २०२३ च्या डेल्टाच्या करारात युनायटेड आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या दरांपेक्षा आपले दर किमान १ टक्का वर ठेवणारी तरतूद होती. अशी तरतूद घेतली तर आज सही करायला भीती उरत नाही. पण तुलना कशाशी, हे स्पष्ट हवं: ताशी मूळ दर, की निवृत्ती निधीसकट एकूण मोबदला? कोणत्या विमानाचा, सेवेच्या कितव्या वर्षाचा दर? हे न लिहिता घेतलेली तरतूद पुढे लवादापुढे जाते.

तिसरं कारण अंतर्गत असतं. संघटनेच्या निवडणुका, नवा सीईओ, विलीनीकरणाची चाहूल. यावर टेबलावर इलाज नाही. अशा काळात छोटी कलमं मिटवून घ्या आणि मोठं पॅकेज हातात ठेवा.

आणि चौथं, सगळ्यात जास्त वेळ खाणारं: किमतीवर एकमत नसणं.

किमतीचं भांडण कसं सोडवायचं

उदाहरण रिझर्व्हचंच घ्या, कारण तिथे हे रोज घडतं. संघटना मागते: रिझर्व्हवरच्या वैमानिकाला ३० दिवसांच्या महिन्यात १२ ऐवजी १३ दिवस सुट्टी. कंपनीत २०० जण रिझर्व्हवर आहेत. कंपनी म्हणते, प्रत्येकाचे कामाचे दिवस १८ वरून १७ झाले, म्हणजे तेवढंच काम भागवायला २०० गुणिले १८ भागिले १७, म्हणजे २१२ माणसं लागतील. १२ जादा वैमानिक. एकाचा मूळ पगार १ लाख ८० हजार, वर निवृत्ती निधी आणि पेरोल कर धरून २० टक्के, म्हणजे २ लाख १६ हजार. एकूण सुमारे २६ लाख डॉलर. पगारातल्या १ टक्का वाढीची किंमत याच हिशेबाने २१ लाख ६० हजार येते. तेव्हा कंपनीच्या मते हा एक दिवस १.२ टक्के पगारवाढीएवढा आहे.

गणित बरोबर आहे. वाद गृहीतकाचा आहे. कंपनी धरून चालते की रिझर्व्हवरचा प्रत्येक दिवस वापरला जातो. प्रत्यक्षात रिझर्व्हचे अनेक दिवस फोन न वाजताच जातात, आणि टंचाई असते ती सणासुदीच्या सुट्ट्यांत, वादळाच्या आठवड्यांत, एखाद्याच बेसवर (वैमानिक जिथून काम सुरू करतात तो विमानतळ), एखाद्याच सीटवर (कॅप्टन किंवा सहवैमानिक म्हणजे फर्स्ट ऑफिसर). म्हणून आकड्यावर भांडू नका, माहिती मागा: मागच्या १२ महिन्यांची, दिवसवार, बेसवार, विमानप्रकारवार, कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर वेगवेगळे, किती जण उपलब्ध होते, किती बोलावले गेले, किती उड्डाणं माणसाअभावी जादा दराने द्यावी लागली. ही माहिती आली की बहुधा लक्षात येतं की १२ नाही, चार-पाच माणसं पुरतील; किंवा जादा सुट्टी टंचाईचे महिने सोडून दिली तर एकही लागणार नाही. कोंडी फोडणारे प्रस्ताव बहुधा अशा तक्त्यांतूनच सापडतात.

दोन्ही बाजूंच्या विश्लेषकांना एकाच खोलीत, एकाच स्प्रेडशीटवर बसवा. वकील आणि अध्यक्ष बाहेर. त्यांनी मागणी योग्य की अयोग्य यावर बोलायचं नाही, फक्त किंमत ठरवायची. एकमत झालं नाही तर दोन आकडे आणि त्यांमधला फरक कोणत्या गृहीतकामुळे आहे, ते एका ओळीत लिहायचं. हे काम दोन-तीन दिवसांत होतं. ते न करता सहा-सहा महिने 'तुमचे आकडे फुगवलेले आहेत' यावर घालवलेले असतात.

एक सावधगिरी. एकदाच येणारा खर्च आणि दरवर्षी येणारा खर्च एका रकान्यात मिसळू नका. नव्या वैमानिकांचं प्रशिक्षण एकदाच. त्यांचा पगार दरवर्षी. कराराची 'एकूण किंमत' म्हणून जाहीर होणारे मोठे आकडे सहसा सगळ्या वर्षांची बेरीज असतात, तेव्हा दुसऱ्या कंपनीशी तुलना करण्याआधी वर्षांनी भागा.

प्रस्तावांचं कागदपत्र

कंटाळवाणा भाग आहे, पण पुढे मध्यस्थासमोर आणि वेळ आली तर न्यायालयात हेच उपयोगी पडतं. प्रत्येक प्रस्तावावर कलम, अनुक्रमांक, तारीख आणि वेळ हवी. मागच्या प्रस्तावापासूनचे बदल रंगाने दाखवलेले. एक माणूस फक्त नोंदी घेणारा. त्याने बोलायचं नाही. मिटलेल्या प्रत्येक कलमावर दोन्ही बाजूंच्या आद्याक्षरी, त्याच दिवशी.

पॅकेज देताना वर ठळक लिहा: हा प्रस्ताव एकत्रित आहे, संपूर्ण मान्य न झाल्यास आधीच्या भूमिका कायम. नाहीतर समोरचे त्यातल्या तुमच्या सवलती उचलतात आणि बदल्यातलं सोडून देतात. आणि एकदा औपचारिकपणे दिलेलं मागे घेऊ नका. मध्यस्थाच्या नजरेत तेव्हापासून अडवणारे तुम्हीच. चाचपणी करायची असेल तर दोन-दोन जणांच्या अनौपचारिक बैठकीत, कागदाशिवाय, 'समजा आम्ही स्कोपवर इतकं सोडलं, तर रिझर्व्हवर काय?' असं विचारा. अशा बैठकीतलं काहीही नोंदीत जाणार नाही, हे आधी ठरवून घ्यायचं.

मध्यस्थ: घड्याळ त्याच्या हातात

बोलणी औपचारिकपणे सुरू होतात रेल्वे लेबर ॲक्टच्या कलम ६ च्या नोटिशीने: किमान ३० दिवस आधी, लेखी. त्यानंतर थेट चर्चा. ती थांबली की कोणतीही एक बाजू राष्ट्रीय मध्यस्थ मंडळाकडे अर्ज करू शकते. तीन सदस्यांचं हे मंडळ मध्यस्थ नेमतं. इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे मध्यस्थीला मुदतच नाही. मंडळ बैठका महिन्याला एक ठेवू शकतं, जागा ठरवू शकतं, आणि दोन्ही बाजू हट्टी वाटल्या तर बेमुदत विश्रांती देऊ शकतं.

त्यामुळे अर्ज कधी करायचा हा खरा निर्णय. उघडे मुद्दे ६० असताना गेलात तर मध्यस्थ ते ६० मुद्दे एकेक करत तुमच्यासमोर वर्षभर दळत बसेल. १० च्या आत आणून, किमती ठरवून मग अर्ज करा. पहिल्या भेटीत त्याच्या हातात पातळ फाइल द्या: उघड्या मुद्द्यांचा तक्ता, प्रत्येक मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे शेवटचे तीन प्रस्ताव तारखांसह, आणि तुलनेच्या तीन-चार कंपन्यांच्या करारातली तीच कलमं. ३०० पानांचं बाड कोणी वाचत नाही.

पुढे मध्यस्थीतून सुटका मागायची तर मंडळाला दाखवावं लागतं की तुम्ही सरकत राहिलात आणि तरीही रस्ता संपला. इथे तो तारीखवार तक्ता कामाला येतो. मंडळाला पटलं तर ते लवादाचा प्रस्ताव देतं. कोणत्याही एका बाजूने तो नाकारला की ३० दिवसांचा 'कूलिंग ऑफ' काळ सुरू होतो, आणि तो संपल्यावर दोन्ही बाजू मोकळ्या: संघटनेला संप, कंपनीला टाळेबंदी किंवा स्वतःच्या अटी लादणं. मात्र देशाच्या एखाद्या भागाची अत्यावश्यक वाहतूक तुटण्याचा धोका असेल तर राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमू शकतात: अहवालाला ३० दिवस, त्यानंतर आणखी ३०. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू झाल्यावर काही मिनिटांतच क्लिंटन यांनी असं मंडळ नेमून तो थांबवला. कंपनी जितकी मोठी, तितकी ही शक्यता जमेस धरा. स्पिरिट एअरलाइन्सच्या २०१० मधल्या संपात असं मंडळ नेमलं गेलं नाही. संप पाच दिवस चालला.

कॅनडात चित्र वेगळं. तिथे समेटाचे ६० दिवस, मग २१ दिवस थांबायचं, मग ७२ तासांची नोटीस. तारखा आधीच दिसत असल्यामुळे कोंडी वर्षानुवर्षं कुजत नाही. अमेरिकेतल्या समितीने कॅनडातल्या कराराचा वेग दाखवून सभासदांना आशा लावू नये.

दबाव कुठे टाकायचा, कुठे नाही

संपासाठीचं मतदान म्हणजे संप नव्हे, हे सभासदांना आणि पत्रकारांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ९० च्या वर टक्केवारी येणं ही या क्षेत्रात बातमी उरलेली नाही. मतदानाला वजन येतं ते वेळेने: मध्यस्थीच्या एखाद्या निर्णायक फेरीच्या दोन-तीन आठवडे आधी, आणि मतदान करणाऱ्यांचं प्रमाणही उच्च असताना. दीड वर्ष आधी घेतलेलं मत तोवर शिळं होतं.

गणवेशातली मूक निदर्शनं चालतात, पण ड्युटीवर नसताना, विमानतळाची परवानगी घेऊन, ठरलेल्या मजकुराचे फलक घेऊन. फलकावर सुरक्षिततेचा इशारा नको. प्रवाशाला घाबरवलं की तो तिकीट रद्द करतो आणि त्याचा फटका दोघांनाही बसतो.

आता जे अजिबात करायचं नाही ते. ठरवून आजारी पडणं, ठरवून जादा उड्डाणं नाकारणं, ठरवून संथ काम करणं हा 'स्टेटस को'चा, म्हणजे सगळे टप्पे संपेपर्यंत जैसे थे राहण्याच्या बंधनाचा, भंग मानला जातो. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मोठ्या प्रमाणावर आजारपणाची रजा टाकली. न्यायालयाच्या आदेशानंतरही ती पुरती थांबली नाही म्हणून संघटनेला सुमारे साडेचार कोटी डॉलरचा दंड झाला. २००१ मध्ये डेल्टाच्या प्रकरणात अपील न्यायालयाने सांगितलं की सभासद ठरवून ओव्हरटाइम नाकारत असतील तर ते थांबवण्यासाठी संघटनेने प्रयत्न करणं कायद्याने बंधनकारक आहे. गप्प बसणं हा बचाव होत नाही. पुरावा कुठून येतो? खाजगी चॅट ग्रुपमधून. 'या शनिवारी कोणी फोन उचलू नका' हा एक मेसेज पुरतो. समितीतल्या प्रत्येकाने अशा ग्रुपमधून बाहेर पडावं, आणि असं काही दिसल्यास संघटनेच्या नावाने लेखी मनाई त्याच दिवशी काढावी.

इथे एक नाजूक कोपरा आहे. संघीय नियमांच्या भाग ११७ नुसार थकलेल्या वैमानिकाने उड्डाण घ्यायचंच नसतं. प्रत्येक उड्डाणाआधी तो स्वतः तंदुरुस्त असल्याचं प्रमाणित करतो. तेव्हा 'थकवा सांगू नका' असंही संघटनेने कधी म्हणू नये आणि 'थकवा सांगा' असंही नाही. दोन्ही वाक्यं महागात पडतात.

शेवटचे ३० दिवस

कूलिंग ऑफ सुरू झाला की खरा दबाव मुदतीच्या रात्री येत नाही, दोन-तीन दिवस आधी येतो. विमानं आणि कर्मचारी परदेशी अडकू नयेत म्हणून कंपनी आधीच उड्डाणं कमी करायला लागते. मे २०२३ मध्ये कॅनडातल्या वेस्टजेटचा करार संपाच्या तोंडावर झाला, तोपर्यंत बरीच उड्डाणं रद्द झालेली होती. म्हणून तुमचं अंतिम पॅकेज मुदतीच्या चार-पाच दिवस आधी तयार आणि समितीने मंजूर केलेलं हवं. शेवटच्या रात्री नवी मागणी काढू नका.

याच काळात संप समितीने कागदावर ठेवायच्या गोष्टी: परदेशात असलेल्या वैमानिकांनी कोणत्या टप्प्यावर काम थांबवायचं आणि घरी कसं यायचं, आरोग्य विम्याचा हप्ता कोण भरणार, संपकाळाचा भत्ता कोणत्या तारखेपासून आणि किती. कॉमएअर या अमेरिकी विमान कंपनीतला २००१ मधला संप ८९ दिवस चालला. 'दोन दिवसांत मिटेल' या अंदाजावर घरखर्चाचं नियोजन करू देऊ नका.

करार झाला, मंजूर झाला नाही

तत्त्वतः समझोता झाल्यावर सगळ्यांना झोप हवी असते, आणि मसुदा तिथेच बिघडतो. तत्त्वतः मान्य झालेल्या प्रत्येक मुद्द्याची पूर्ण भाषा लिहून होईपर्यंत घोषणा करू नका. सभासदांना पूर्ण मजकूर आणि वाचायला किमान दोन आठवडे द्या. फक्त ठळक मुद्द्यांची स्लाइड पाठवली की लोकांना वाटतं काहीतरी लपवलं आहे. २०२२ मध्ये युनायटेडच्या वैमानिकांनी त्यांच्यासमोर आलेला करार ९४ टक्के मतांनी फेटाळला. २०२३ मध्ये फेडएक्सच्या वैमानिकांनी ५७ टक्क्यांनी. फेटाळल्यानंतर आठवडाभरात सर्वेक्षण घ्या, आणि प्रश्न 'काय आवडलं नाही' असा नको. 'या पाचांपैकी कोणत्या दोन गोष्टी बदलल्या तर होकार द्याल' असा हवा. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला ४० उत्तरं येतात आणि त्यांचा प्रस्ताव बनत नाही.

मंजुरीनंतर अंमलबजावणीचं वेळापत्रक तपासा. नवे दर लगेच लागू होतात, पण शेड्युलिंगचे नियम सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय लागू होत नाहीत. प्रत्येक तरतुदीसमोर तारीख, आणि ती चुकल्यास कंपनीने काय द्यायचं, हे करारातच हवं. पहिल्या दोन बिड महिन्यांत (वैमानिक ज्या महिन्याच्या कामासाठी पसंती नोंदवतात तो महिना) प्रत्येक बेसवरून काही पगारपत्रकं घेऊन हाताने पडताळा: डेडहेडचा (कामासाठी प्रवासी म्हणून केलेल्या प्रवासाचा) दर, दिवसाचा किमान मोबदला, जादा उड्डाणाचा गुणक. चूक सापडली तर तक्रार लगेच नोंदवा, कारण तक्रार दाखल करण्याची मुदत करारातच ठरलेली असते आणि ती मोजली जाते चूक घडल्यापासून किंवा लक्षात आल्यापासून.